किल्लीतली दुसरी वेलांटी

२ फेब्रुवारी

ठमे,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस. सगळे जागेवर आहेत. फोन करता आला असता, पण फोन असतो तुझ्या काकांच्या खुर्चीशेजारी आणि तो तेच उचलतात. ईमेल आम्हा दोघांत एकच, आणि सकाळच्या चहाबरोबर तोही तेच उघडतात. तेव्हा पत्र. तूही पत्रच लिही. पत्राची पेटी मी उघडते.

काम असं आहे. एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेकडे मला काही फाइली पाठवायच्यात. आवाजाच्या आहेत, आणि भल्यामोठ्या आहेत. उच्चारांवर काम करतात ते लोक. ईमेलला जोडायला गेले तर 'फार मोठी' म्हणून परत. मग त्यांनी माहितीचा कागद धाडला. त्यात चार वाटा दिल्यात: एफटीपी, एफटीपीएस, एसएफटीपी आणि एससीपी. खाली लिहिलंय, 'आपणास सोयीची असेल ती निवडावी.' सोयीची म्हणे! चारांतलं एक तरी माझ्या ओळखीचं हवं ना.

तू त्या नकाशांच्या ऑफिसात सर्व्हर सांभाळतेस म्हणून तुला विचारते. माझी शंका एवढीच आहे की एकात एस आधी आहे आणि एकात शेवटी. जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासली, त्यामुळे अशी जागा दिसली की मी थांबते. 'हार'ला आधी 'आ' लावला तर जेवण होतं आणि 'प्र' लावला तर मार बसतो. शेवटी काही लावलं तर शब्द बहुतेक तोच राहतो. तसंच आहे का इथे?

कोपऱ्यावरचा संगणकवाला म्हणाला, पेन ड्राइव्ह द्या, मी पाठवतो. मी नाही म्हटलं. त्याच्याकडे एकाच्या लग्नाचे फोटो दुसऱ्याच्या पाकिटात जातात. या फाइली कुणाच्या हाती पडता कामा नयेत. पंचवीस तारखेच्या आत पोचायला हव्यात, आणि मी त्या पोचवणार आहे.

काकांचा घसा अजून बसलेलाच आहे. बाकी ठीक.

तुझी काकू


६ फेब्रुवारी

काकू,

तुझं पत्र ऑफिसात आलं आणि सगळे माझ्याभोवती जमले. पाकीट फोडून आलेलं पत्र त्यांनी बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं.

तुझी शंका अगदी बरोबर जागी आहे. एकेक सांगते.

एफटीपी सगळ्यात जुना. उघडं पोस्टकार्डच ते. तुझं नाव, पासवर्ड, आतला माल, सगळं वाटेतल्या कुणालाही वाचता येतं. त्याच्यावर तुझी ती खोडायची खूण मार आणि विसर.

एफटीपीएस म्हणजे तोच म्हातारा, वर नवा कोट. मजकूर बंद होतो, ते चांगलं. पण खोड जुनीच राहते. बोलणं एका दारातून करतो आणि माल दुसऱ्या दारातून देतो, आणि ते दुसरं दार दर खेपेला वेगळं. ऑफिसात आम्ही ती दारं मोकळी करून ठेवतो. घरच्या संगणकाला आणि समोरच्या सर्व्हरला हे जमेलच असं नाही, मधेच अडतं.

एसएफटीपीचं नाव ऐकून तो त्याचा सख्खा भाऊ वाटेल, पण तो त्या घरातला नाहीच. नुसतं नामसाधर्म्य. याचं दार एकच. बोलणं, ओळख, माल, सगळं त्याच एका बंद नळीतून. घरून पाठवणाऱ्याला हाच बरा.

एससीपीसुद्धा तशाच नळीतून जातो, पण घुमा आहे. फाइल टाकतो आणि चालता होतो. मधे लाइन गेली की पुन्हा पहिल्यापासून. एसएफटीपीला मात्र जिथे तुटलं तिथून पुढे चालू करता येतं. तुमच्याकडे नेट जातं की नाही ते तूच सांग.

म्हणजे एस आधीचा घे. उपसर्गाने अर्थ बदलतो, हे तुझंच म्हणणं.

आता माझी शंका. आवाजाच्या फाइली म्हणजे तुम्ही छापखान्यात केलेल्या शब्दकोशाच्या त्या जुन्या कॅसेटीच असणार, मग त्यांतले उच्चार पाठवण्यात काकांपासून लपवण्यासारखं काय आहे? आणि घसा 'अजून' बसलेला म्हणजे कधीपासून?

ठमी


१० फेब्रुवारी

ठमे,

तुझं पत्र यायच्या आदल्या दिवशीच मी एफटीपीएस करून बसले होते. शेवटी एस, म्हणजे मूळ शब्द तोच, असा माझा हिशोब. आत घेतलं, ओळख पटली, आणि मग फाइलींची यादी काही येईना. उंबऱ्यात उभं करून यजमान आत निघून जावा तसं झालं. मी मोडेम बंद करून चालू केला, संगणक पुसला, दोन शिव्या दिल्या. तुझं पत्र वाचलं तेव्हा कळलं की ते दुसऱ्या दाराचं प्रकरण. नेट आमच्याकडे दिवसाकाठी जातंच जातं. तेव्हा एससीपीही बाद.

आता तुझी शंका. लपवून ठेवलं ते ठेवलं, आता सांगते.

घसा नुसता बसलेला नाही. गाठ आहे, वाईट जातीची. तीन मार्चला शस्त्रक्रिया आहे आणि त्यात स्वरयंत्रच काढणार आहेत. डॉक्टर म्हणाले, माणूस वाचेल, आवाज जाईल. हे मान हलवून 'बरं' म्हणाले, जणू दुकानदाराने साखर संपली म्हणून सांगितलं.

ती प्रयोगशाळा उच्चारांचा अभ्यास नुसता करत नाही. माणसाच्या जुन्या ध्वनिफिती घेऊन त्याच्याच आवाजात बोलणारं यंत्र बनवते. आपण टाईप करायचं, ते बोलतं. या वेळची त्यांची यादी पंचवीसला बंद होते. आणि ध्वनिफिती माझ्याइतक्या कुणाकडे असतील? तुला आठवत असेल, छापखान्यात एरवी आम्ही शेजारी बसून काम करायचो, पण कोशाच्या वेळी आमच्या पाळ्या वेगळ्या झाल्या. कोशाचं काम चालू असताना हे मूळ प्रत वाचून कॅसेटवर ठेवायचे, मी माझ्या पाळीला ती लावून मुद्रित तपासायची. 'अ'पासून 'ज्ञ'पर्यंत सगळा कोश यांच्या आवाजात आहे, स्वल्पविराम आणि अर्धविरामांसकट, आणि त्या कॅसेटी मी आता फाइलींत उतरवून घेतल्यात. त्या प्रयोगशाळेतली बाई म्हणाली, असा ऐवज त्यांना आजवर कुणी दिलेला नाही.

आणि हे नको म्हणतात. एकदा विषय काढला तर म्हणाले, "मी गेल्यावर तू त्या डब्याशी गप्पा मारत बसशील. मला नाही चालायचं." त्यानंतर उठून गॅलरीत गेले. पुन्हा विषय काढायची सोय नाही.

पण मी पाठवणार म्हणजे पाठवणार. रागावतील, रागावू देत. रागवायला तरी आवाज लागेल की नाही? तू फक्त मला त्या एका दारातून आत कसं जायचं ते सांग.

काकू


१३ फेब्रुवारी

काकू,

पत्र वाचून मी जिन्यात जाऊन बसले. मग तुझ्यावर भयंकर चिडले. मला महिनाभर 'घसा बसलाय' सांगत होतीस. इतकी मी परकी झाले का गं?

असो. कामाचं आधी. त्या प्रयोगशाळेशी मी बोलले, त्यांचा तो कागदही मागवून वाचला. एसएफटीपीच्या दाराला त्यांनी पासवर्ड ठेवलेला नाही, किल्लीच लागते. किल्ली म्हणजे एक छोटी फाइल. तिच्या जोडीचं कुलूप मी तुझ्या नावाने त्यांना पाठवलंय, ते त्यांनी दाराला लावलंय. किल्ली पेन ड्राइव्हवर घालून कुरियरने तुझ्याकडे निघाली आहे. खरं तर किल्ली ज्याची त्याने घडवावी, दुसऱ्याच्या हातची घेऊ नये. पण दिवस कमी आहेत. काम झालं की आपण बदलू.

किल्ली चोरीला गेली तरी चालू नये म्हणून तिच्यावर एक वाक्य घातलंय. ते मी कुरियरबरोबर दिलेलं नाही, इथे लिहिते. किल्ली एका वाटेने आणि वाक्य दुसऱ्या वाटेने, हा आमच्याकडचा साधा नियम. मराठीतच टाईप करायचं, शब्दांमधे एकेक जागा सोडायची, शेवटी पूर्णविराम नाही:

विहीरीत चष्मा पडला बेडूक पेपर वाचतात

ओळखलंस ना? मी जेवत नसले की काका हे सांगायचे. जगात आपल्या तिघांशिवाय कुणाला माहीत नाही.

पहिल्यांदा आत जाताना प्रोग्राम एक लांबलचक अक्षरांची माळ दाखवील आणि विचारील, हाच सर्व्हर ना? डोळे मिटून हो म्हणू नकोस. कागदावर तीच माळ छापलेली आहे, ताडून बघ.

आता दुसरं. त्या कागदाच्या मागच्या बाजूला शेवटची अट वाच. ज्याचा आवाज आहे त्याने स्वतःच्या तोंडाने संमती बोलून, ती ध्वनिफीत सोबत द्यायची. त्याशिवाय ते फाइलींना हात लावत नाहीत. आणि लावत असते तरी मी तुला साथ दिली नसती. आवाज त्यांचा आहे, काकू. तू त्यांना विचार.

ठमी


१७ फेब्रुवारी

ठमे,

अट मी पहिल्याच दिवशी वाचली होती. मुद्रितशोधकाने कागदाची मागची बाजू वाचली नाही असं कधी झालंय का? आधी फाइली पोचवीन, मग संमतीचं बघीन, असं ठरवलं होतं. हातात काही असलं की माणसाला समजावता येतं.

पण तुझी किल्ली लागत नाही. अक्षरांची माळ मी कागदाशी ताडली, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. त्या कामात मला कोण हरवणार. पुढे वाक्य विचारलं. मी घातलं. म्हणे चूक. पुन्हा घातलं, सावकाश. चूक. आपण काय लिहितोय ते दिसतसुद्धा नाही, नुसते ठिपके उमटतात. दोन दिवस हे चाललंय. हे बाजारात गेले की मी बसते, जिन्यावर चाहूल लागली की पडदा काळा करते. या वयात चोरट्यासारखं वागायची वेळ आली.

आता स्पष्टच बोलते. तू मुद्दाम खोटी किल्ली तर नाही ना पाठवलीस? म्हणजे मी झक मारत यांना विचारायला जाईन असं? तुझा स्वभाव मला माहीत आहे. लहानपणी औषध घ्यायचं नसलं की बाटलीच लपवायचीस. तसं असेल तर सांग. मी तुझ्यावर रुसेन, पण दुसरी वाट शोधीन. थांबणार नाही.

काकू


२० फेब्रुवारी

काकू,

किल्ली खोटी नाही. तुझं पत्र वाचल्याबरोबर माझ्याकडच्या प्रतीवर मी तेच वाक्य टाईप केलं, पहिल्या फटक्यात उघडली. तू असं म्हणशील असं वाटलं नव्हतं. राग आला, खोटं कशाला बोलू. पण रुसत बसायला वेळ तुलाही नाही आणि मलाही नाही.

वाक्य खरं आहे, किल्ली खरी आहे, मग गडबड तुझ्या बोटांत आहे. तू बघून टाईप करतेस की वाचून, मनात घेऊन मग टाईप करतेस? माझा संशय आहे की मनात घेतेस. तुमच्या धंद्यात यावर उपाय होता ना, एकाने मोठ्याने वाचायचं आणि दुसऱ्याने फक्त बघायचं? तो कर. त्यासाठी दुसरं माणूस लागतं आणि ते तुझ्या घरातच, गॅलरीत बसलेलं आहे.

मी रजा टाकली आहे, पण सव्वीसच्या आधी पोचत नाही. पंचवीसचं काम तुझं तुलाच करायचंय.

ठमी


२४ फेब्रुवारी

ठमे,

आधी तुझे पाय दाखव, धरते. आणि मग तुझा कान दाखव, तोही धरते.

तुझं पत्र परवा आलं. वाचलं आणि तशीच गॅलरीत गेले. तुझी तिन्ही पत्रं यांच्या मांडीवर ठेवली. म्हटलं, "वाचा. तुमच्या पाठीमागे हे चाललंय." यांनी चष्मा लावून सगळं वाचलं, सावकाश, ओळीवर बोट ठेवून. मला वाटलं आता कडाडतील. पण कडाडायला घसा कुठे आहे? एवढंच म्हणाले की हे वाक्य माझं आहे, पोरीने न विचारता वापरलं.

मी म्हटलं, वाचून दाखवता का? मी टाईप करते, मला जमत नाहीये. मग खुर्ची ओढत आत आले आणि माझ्या डाव्या हाताला बसले. छापखान्यात बसायचे तसेच, आणि त्याच बाजूला.

आवाज खरवडल्यासारखा येतो हल्ली. तरी लय तीच. "व ला पहिली. ह ला दुसरी."

मी थांबले. म्हटलं, ह ला पहिली. 'विहीर' दीर्घ, पण 'विहिरीत' झालं की ह ह्रस्व होतो. एवढंही विसरलात?

हे म्हणाले, "वाचणाऱ्याने जे लिहिलंय ते वाचायचं. जे असायला हवं ते बघायला तू आहेस. इथे दुसरी आहे."

अगं, तुझी दुसरी वेलांटी! मी प्रत्येक वेळी ती दुरुस्त करत होते. दोन दिवस, एकदाही न चुकता. डोळ्यांनी तुझं पत्र बघायची आणि बोटं आपोआप शुद्धलेखन सुधारायची. खाली ठिपके, त्यामुळे कळणार कसं? इतकं शिकलीस, जगाचे सर्व्हर सांभाळतेस, आणि सामान्यरूपात उपान्त्य ह्रस्व होतं हे तुला सांगायला कुणी नव्हतं! किल्लीवर अशुद्ध शब्द घालतात का गं कुणी? यांना इतकं हसू आलं की खोकल्याची उबळ आली, पाणी आणून दिलं.

मग मी जीव मुठीत धरून चुकीची वेलांटी दिली. हे पुढचं वाचत गेले, मी प्रत्येक शब्दाला आमच्या सवयीने 'पुढे' म्हणत गेले. 'वाचतात' झालं, आणि दार उघडलं. यादी आली, रिकामी, पण आली.

फाइली चढायला लागल्या. आम्ही दोघं ती हिरवी पट्टी बघत बसलो. तेवढ्यात नेट गेलं. यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, काळजी नको, हा तुटलं तिथून पुढे जातो. नेट आलं आणि तो खरंच तिथूनच पुढे निघाला. तेव्हा मला धीर आला आणि मी मनातलं बोलले.

म्हटलं, "तुम्ही गेल्यावर मी डब्याशी बोलेन म्हणून नको म्हणता. मला तुम्ही असताना हवाय तो. पस्तीस वर्षं मी तुमचा आवाज ऐकून चुका काढल्यात. चिठ्ठ्यांवर लिहून दिलंत तर मी तुमच्याशी भांडू कशी?"

हे उठले, पाणी प्यायले, परत येऊन बसले आणि हात पुढे केला. कागद मागत होते. मी संमतीचं वाक्य दिलं आणि ध्वनिमुद्रण चालू केलं. वाचलं त्यांनी. "हा आवाज माझा आहे पूर्णविराम तो वापरायला माझी हरकत नाही पूर्णविराम." विरामचिन्हं वाचू नका म्हणून सांगायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. तसंच पाठवलं. आज सकाळी त्या बाईचा निरोप आला, सगळं पोचलं.

तुझ्यावर संशय घेतला, तो मागे घेते. वेलांटीबद्दलचं मात्र घेत नाही.

काकू


११ मे

ठमीस,

हे पत्र मी लिहितोय, तुझा काका. शस्त्रक्रियेच्या वेळी तू इथे होतीस तेव्हा मी पाटीवर खडूने तुझ्याशी बोललो. त्यात मला मजा येत नव्हती हे तुला कळलं असेल. आता पाटी माळ्यावर गेली.

माझा आवाज परवा आला. तुझ्या त्या एकाच दाराच्या नळीतूनच आला. या खेपेला किल्ली तुझ्या काकूने स्वतः घडवली, तू शिकवून गेलीस तशी. तिचं वाक्य काय आहे ते मलाही सांगत नाही. शुद्धलेखन निर्दोष असणार एवढं नक्की, म्हणजे चोराला तेवढंच सोपं.

यंत्र पाटीएवढंच आहे. टाईप केलं की बोलतं. आवाज माझाच आहे, पण कोश वाचताना असायचा तो, तरणा आणि जरा शिष्ट. 'चहा' म्हटलं की आता पुढे 'नाम, पुल्लिंगी' येणार असं वाटतं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी ते उलटं करून ठेवलं आणि थोडा वेळ खिडकीशी उभा राहिलो. इतक्या लवकर कुणाला सांगावंसं वाटत नाही, पण तुला सांगतो, मला रडू आलं.

ती काही कामाने बाहेर गेली होती तेव्हाच मी ते सुरू केलं होतं. तिला पहिलं वाक्य काय ऐकवायचं यावर सकाळभर विचार केला. आभाराचं काही लिहिलं, खोडलं. तिचं नाव लिहिलं, तेही खोडलं. मी तिला कधी नावाने हाक मारलेली नाही, यंत्राने का मारावी? शेवटी ती आली, स्वयंपाकघरात भांडी घासायला लागली, आणि मी तुझं वाक्य टाईप केलं. जसं लिहिलं होतंस तसंच. ह ला दुसरी.

यंत्राने वाचलं, 'विहीरीत', आणि 'ही' चांगला लांबवला.

आतून ताबडतोब आवाज आला, "ह्रस्व!"

मग भांड्यांचा आवाज थांबला. नळ मात्र चालूच राहिला. मी बसून होतो. ती दारात आली, दोन्ही हात ओले, आणि माझ्या तोंडाकडे बघायला लागली. मग माझ्या हातातल्या यंत्राकडे. आपण कुणाला दुरुस्त केलं ते तिला तेव्हा कळलं. आत गेली, नळ बंद केला, हात पुसले आणि परत येऊन माझ्या उजव्या हाताला बसली, छापखान्यात बसायची तशी.

"पुढे," म्हणाली.

आणि मी पुढचं वाचलं.

काका